‘निर्जन’ किनाऱ्याचे धनी

दिवाळी उलटली की रविवारच्या पुरवण्यांतून, आणि हल्ली त्याहूनही अधिक भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून, एक ठराविक साच्याचा मजकूर मराठी मध्यमवर्गासमोर येऊ लागतो. मिठबाव, तांबळडेग, तोंडवळी, भोगवे, निवती, खवणे, कोंडुरा, मोचेमाड अशी नावे त्यात ओळीने येतात आणि प्रत्येक नावाला तीच विशेषणमाला घातलेली असते : निर्जन, अस्पर्श, अनाघ्रात, अजून कोणालाही ठाऊक नसलेला. गोव्याची गर्दी नको असेल तर इकडे या, आणि लवकर या, असे त्याचे तात्पर्य. सिंधुदुर्गाचा सुमारे १२१ किलोमीटरांचा किनारा सुंदर आहे याबद्दल वाद नाही. भोगव्याच्या टेकडीवरून कर्लीच्या मुखाकडे पाहणाऱ्याचे भान हरपते, हेही खरे. परंतु ‘निर्जन’ हा शब्द खोटा आहे, आणि तो निरागसपणे खोटा नाही. जमिनीच्या व्यवहारात या शब्दाला किंमत आहे. ती कोणीतरी मोजतो आणि कोणीतरी वसूल करतो. त्या व्यवहाराकडे आपल्या कार्यकर्त्यांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही, म्हणून हा प्रपंच.

किनारा रिकामा का दिसतो, याचा विचार प्रथम केला पाहिजे. मालवण-वेंगुर्ल्याकडील गाबितांची घरे सहसा पुळणीवर नसतात. वाऱ्याच्या आणि उधाणाच्या माऱ्यापासून मागे हटून, माडांच्या आडोशाला राहावे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. पुळण मोकळी राहते ती रापणीसाठी. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळे हळूहळू ओढून काढतात. लहान रापणीला पंचवीस-तीस, मोठीला त्याहून कितीतरी अधिक माणसे लागतात. मासळीचे वाटे पडतात : होडीचा, जाळ्याचा आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा. या साऱ्या खटाटोपाला लांबच लांब सलग पुळण हवी असते. मध्ये खुंट नको, भिंत नको, दगडांचा बांध नको, खुर्च्या आणि छत्र्याही नकोत. रापण आटोपली की होड्या वर ओढल्या जातात, माणसे घरी जातात आणि वाळूवर लाटांखेरीज काही राहत नाही. नेमक्या त्या वेळी मुंबई-पुण्याचा पाहुणा मोटारीतून उतरतो आणि म्हणतो, ‘काय निर्मनुष्य जागा आहे!’ पाळी सुटल्यानंतर गिरणीच्या साचाखात्यात शिरून ही जागा ओसाड पडली आहे असा निष्कर्ष काढावा, त्यातलाच हा प्रकार होय.

म्हणजे किनारा स्वच्छ आणि मोकळा राहिला तो माणसांचा स्पर्श न झाल्यामुळे नव्हे. तेथे काम करणाऱ्या माणसांनी तो मोकळा ठेवला म्हणून तो तसा राहिला. कोणत्या रापणीने कोठे आणि कोणत्या क्रमाने जाळे टाकावे याचे संकेत गावागावांत ठरलेले असत. सामाईक मालमत्ता म्हटली की तिची नासाडी ठरलेली, हा गॅरेट हार्डिन यांचा १९६८ मधील सिद्धान्त आमच्या विद्यापीठांतून वर्षानुवर्षे वेदवाक्यासारखा शिकविला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जगभरच्या मच्छीमारांची, पाटबंधाऱ्यांची आणि कुरणांची उदाहरणे घेऊन त्याला उत्तर दिले, आणि त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रापण संघ हे त्याच जातीचे उदाहरण आहे. ते समजण्यास मालवणच्या माणसाला नोबेलची वाट पाहावी लागली नाही, हा भाग वेगळा.

मौज अशी की पर्यटनाचा दलाल आणि निसर्गरक्षणाचा सरकारी अधिकारी हे एकमेकांचे विरोधक मानले जात असूनही त्यांची भाषा मात्र एकच आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्रातील सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पद्मगडाभोवतालचे प्रवाळ आणि जलचर वाचावेत हा हेतू योग्यच होता. परंतु तेथे पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांना विश्वासात घेण्याची आवश्यकता कोणाला भासली नाही. मच्छीमारांनी विरोध केला आणि अभयारण्य पुष्कळसे कागदावरच राहिले. याउलट वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, ती गावकरी राखतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या स्त्रिया पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवितात. माणूस वजा केल्याशिवाय निसर्ग वाचत नाही, ही समजूत या दोन लहानशा उदाहरणांपुढेही टिकत नाही.

आता निर्जनतेचा दुसरा आणि अधिक क्लेशकारक अर्थ पाहू. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. १९९७ मध्ये तो देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. साथी नाथ पै आणि मधू दंडवते यांनी ज्या कोकण रेल्वेचा ध्यास घेतला होता, ती २६ जानेवारी १९९८ पासून पूर्णत्वाने धावू लागली. पर्यटन आले, रेल्वे आली. तेव्हा माणसे गावात राहू लागतील अशी अपेक्षा होती. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. केवळ पर्यटनामुळे ती घटली असे मी म्हणणार नाही. शेजारच्या रत्नागिरीचीही घटली आणि तिची कारणे जुनी आहेत. परंतु पर्यटन जिल्ह्याच्या घोषणेने तरुणांचा लोंढा थांबला नाही, एवढे हे आकडे निःसंदिग्धपणे सांगतात. ज्या गावांतील कर्ती माणसे मुंबईच्या उपनगरांत दोन खोल्यांत राहतात, ती गावे शांत असणारच. त्या शांततेची जाहिरात करणे म्हणजे दुसऱ्याच्या घराला लागलेले कुलूप पाहून ‘किती निवांत वाडा!’ म्हणण्यासारखे आहे.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘वाढीच्या सामाजिक मर्यादां’वर एक ग्रंथ लिहिला. काही वस्तूंचे मोल त्या मोजक्यांनाच लाभतात यातच असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. एकांतातला किनारा ही अशी वस्तू आहे. तिची माहिती लाखांना दिली की ती वस्तू नाहीशी होते. मग विकणाऱ्यापुढे दोन मार्ग उरतात. एक तर त्या किनाऱ्याचे कळंगुट होऊ द्यायचे आणि पुढच्या ‘अस्पर्श’ किनाऱ्याकडे वळायचे. किंवा किनाऱ्याभोवती कुंपण घालून ज्याला परवडेल त्याला एकांत विकायचा. पहिल्या मार्गाने गोव्याचा उत्तर किनारा गेला. परदेशी प्रवाशांनी भरलेली खास विमाने तेथे उतरू लागली तेव्हा १९८७ मध्ये ‘जागृत गोंयकारांची फौज’ रस्त्यावर आली होती. तिची टवाळी करणाऱ्यांनी आज बागा-कळंगुटला एक फेरी मारावी. दुसऱ्या मार्गाची चाहूल आपल्या जिल्ह्यात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच लागली आहे. तिचे स्थळ शिरोडे.

शिरोड्याचे नाव आपल्या चळवळीला नवे नाही. १९३० च्या मे महिन्यात तेथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र आपला, वाळू आपली, ऊन आपले, मग मीठ सरकारचे कसे, असा तो साधा प्रश्न होता. त्याच शिरोड्याच्या वेळागरावर १९९० च्या दशकात पर्यटनासाठी म्हणून शासनाने जमीन संपादित केली. पंचतारांकित हॉटेलासाठी ती ताज समूहाच्या कंपनीला द्यावयाची, हे धोरण पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक पक्षाच्या सरकारने कायम ठेवले. प्रश्न सुमारे ५४ हेक्टरांचा आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा आहे. ग्रामस्थांनी मोर्चे काढले, मोजणी अडविली, न्यायालयांच्या पायऱ्या झिजविल्या. त्यांतील बहुतेकांचा पर्यटनाला विरोध नव्हता आणि नाही. आपल्या घराच्या ओसरीवर पाहुणे उतरवून, त्यांना सोलकढी-भाकरी वाढून ते स्वतःच पर्यटन करतात. सार्वजनिक हित म्हणून सक्तीने घेतलेली जमीन खाजगी एकांताच्या विक्रीसाठी का द्यावयाची, एवढेच ते विचारतात. १९३० च्या प्रश्नाशी या प्रश्नाचे नाते कोणालाही दिसेल.

मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणीला ‘सी-वर्ल्ड’ नावाचा समुद्री प्रदर्शनाचा प्रकल्प आणावयाचे ठरले, तेव्हा त्याला प्रारंभी हजाराहून अधिक एकर जमीन हवी होती. समोर प्रत्यक्ष समुद्र असताना काचेच्या टाक्यांत समुद्र दाखविण्यासाठी वाड्या, बागा आणि देवस्थाने उठवावयाची, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडे. गावकऱ्यांनी ती हाणून पाडली. नंतर ‘कमी जमिनीत करू’ असा प्रस्ताव आला. जमीन इतकी कमी करता येत होती तर आधी मागितली कशाला, याचे उत्तर कोणी दिले नाही.

या ठिकाणी आपल्याच काही मित्रांशी मतभेद नोंदविणे भाग आहे. २०१७ ते २०१९ या काळात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध लढा झाला. त्याच्या आराखड्यात देवगड तालुक्यातील गिर्ये आणि रामेश्वर ही विजयदुर्गाजवळची गावेही होती. २०१९ च्या मार्चमध्ये प्रकल्प त्या जागेवरून रद्द झाला, हे लोकांचे यश होते. त्या लढ्यात ‘आम्हाला आंबा, मासळी आणि पर्यटन हवे’ असे म्हटले गेले, आणि तेव्हापासून पर्यटन म्हणजे जणू पुरोगामी उद्योग, त्याच्यावर टीका म्हणजे रिफायनरीवाल्यांच्या हाती कोलीत, अशी धारणा पसरली आहे. ती सोडली पाहिजे. धूर सोडणारा कारखाना जमीन उघडपणे मागतो, म्हणून गाव एकत्र येते. पर्यटनाची जमीन गुंठ्या-गुंठ्यांनी, भावाभावांतून, निःशब्दपणे जाते, आणि गाव एकत्र यायच्या आधीच सडा विकला गेलेला असतो. आंबा आणि मासळी पिकविणारा स्थानिक असतो. किनाऱ्याकाठच्या पर्यटनात मात्र मिळकतीचा मोठा वाटा श्रमाला न मिळता जागेला मिळतो. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले तोच हा. समुद्राचे दर्शन कोणी निर्माण केलेले नाही. ज्याच्या नावावर समोरची जमीन, त्याला त्या दर्शनाचे भाडे मिळते. जमीन गावकऱ्याच्या नावावर असेल तर पर्यटनाने गाव सुधारते. ती दुसऱ्याच्या नावावर गेली की त्याच गावकऱ्याचा मुलगा हंगामापुरता वेटर होतो, आणि पावसाळ्यात तेही नाही. पर्यटन हवे की नको, हा वाद म्हणून निरर्थक आहे. खंड कोणाला, हा खरा वाद आहे.

कायद्याचा इतिहासही उद्बोधक आहे. १९८१ मध्ये श्रीमती इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. आणीबाणीच्या तुरुंगातून आलेल्या आपल्या पिढीला त्यांच्याविषयी बरे शब्द क्वचितच सुचतात. पण या पत्राबद्दल ते वापरले पाहिजेत. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. वीस वर्षांत तिच्यात वीसहून अधिक दुरुस्त्या झाल्या, आणि त्यांतील बहुतेकांची दिशा सैल करण्याकडे होती. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली, २०१९ मध्ये आणखी एक. या शेवटच्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले : दाट वस्तीच्या गावांत विकासबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला, विरळ वस्तीच्या गावांत तो २०० मीटर ठेवला, परंतु त्या पट्ट्यातही, किंबहुना खुद्द पुळणीवरही, पर्यटनाच्या ‘तात्पुरत्या’ सोयींना वाट करून दिली. २०२० मध्ये राज्य शासनाने किनाऱ्यांवर खाद्यपेयांच्या झोपड्या उभारण्याचे धोरण आणले. त्यात आपल्या जिल्ह्यातून कुणकेश्वर आणि तारकर्ली निवडले गेले. तात्पुरते या शब्दाचे आयुष्य आपल्या देशात किती असते हे वाचकांना सांगावयास नको. आणि हे घडत असताना त्याच पट्ट्यातील मच्छीमाराला गळके छप्पर बदलावयाचे असले तर कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात.

किनाऱ्याची मालकी कोणाची, याचे कायदेशीर उत्तर स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये भरतीरेषेखालील भाग राज्य शासनाचा. परंतु १९९६ मध्ये व्यास नदीकाठच्या एका हॉटेलासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समुद्र, किनारा, नद्या ही संपत्ती शासनाकडे विश्वस्त म्हणून असते. ती लोकांच्या वापरातून काढून खाजगी लाभासाठी देता येत नाही. विश्वस्ताने ठेव विकावयास काढली तर त्याला काय म्हणतात, ते गावातला शाळकरी मुलगाही सांगेल.

निर्जनतेची आणखी एक किंमत आहे, आणि ती पाहुण्यालाच द्यावी लागते. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या महाविद्यालयातील आठ विद्यार्थी बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. कोणत्या पुळणीवर ओहोटीला पाणी आत ओढते, कोठे वाळू अचानक खोल जाते, हे रापणकाराला पाठ असते. ‘अजून कोणालाही ठाऊक नसलेला किनारा’ या मजकुरात रापणकाराला जागा नाही, जीवरक्षकाचाही उल्लेख नाही. संकट आले की होडी घेऊन धावणारे मात्र तेच ‘अस्तित्वात नसलेले’ लोक असतात.

मी राहतो त्या खारेपाटणाला समुद्रकिनारा नाही. महामार्गावरून मोटारी येथून पुढे जातात आणि तळेऱ्याला विजयदुर्गाकडे वळतात. आमचे गाव त्यांच्या दृष्टीने चहाचा थांबा. परंतु विजयदुर्गाच्या खाडीच्या आतल्या टोकाशी असलेले हे एके काळचे बंदर. येथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या शके ९३० म्हणजे इसवी सन १००८ च्या ताम्रपटात देवालयाला दिलेल्या उत्पन्नांची यादी आहे. त्यात दूरदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने, आणि दुसऱ्या एका बंदराहून येणाऱ्या गलबतामागे एक धरण सोने घेण्याची तरतूद आहे. राजाने ते देवळाला दिले, गाबितांना नव्हे, हे खरे. सरंजामी राज्याकडून दुसरी अपेक्षाही नाही. परंतु बाहेरून येणाऱ्याने या ठिकाणाच्या चरितार्थासाठी काही द्यावे, आणि ते दूरच्या खजिन्यात न जाता येथेच राहावे, हे तत्त्व हजार वर्षांपूर्वीच्या या खाडीला समजले होते. आजच्या तारकर्लीच्या ग्रामपंचायतीला हंगामातला कचरा, सांडपाणी आणि पाणीटंचाई मिळते. करांचा मोठा ओघ मात्र घाट चढून जातो. पुढे खाडी गाळाने भरत गेली, गलबते यायची थांबली आणि खारेपाटणच्या पेठेतून गेलेल्या मालाने मागे किती थोडे ठेवले ते उघडे पडले. देवबागला आज ज्या वाळूवर पर्यटनाची इमारत उभी आहे, ती एका बाजूने कर्ली आणि दुसऱ्या बाजूने समुद्र कुरतडतो आहे.

तेव्हा करावयाचे काय? पाहुण्यांना अडवावे असे मी म्हणत नाही. निवतीला जावे, कोंडुऱ्याला जावे, गावकऱ्याच्या घरी उतरावे, त्याला विचारून पाण्यात शिरावे, सकाळी रापण असेल तर दोराला हात लावावा. कार्यकर्त्यांचे काम याहून निराळे आहे. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी सुकविण्याची ठिकाणे, मासेमारीची क्षेत्रे दाखविली पाहिजेत असे २०११ च्या अधिसूचनेतच म्हटले होते. आपल्या गावाच्या नकाशात रापणीची पुळण दाखविली आहे की तेथे नुसता पिवळा पट्टा रंगविला आहे, हे देवगडपासून रेडीपर्यंत प्रत्येक गावात जाऊन पाहिले पाहिजे आणि नसेल तेथे ग्रामसभेचा ठराव जोडून हरकत घेतली पाहिजे. समुद्रातील बाजूही विसरता येणार नाही : पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आले, पण ते पाळले जात नाहीत ही मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची सततची तक्रार आहे. रापणीला मासळी मिळाली नाही तर पुळण खरोखरीच निर्जन होईल, आणि मग तिच्या विक्रीला हरकत घेणाराही उरणार नाही. पाहुण्यांकडून घ्यावयाची पट्टी ग्रामपंचायतीने घ्यावी आणि तिचा पहिला खर्च गावातल्याच पोहणाऱ्या तरुणांना जीवरक्षक म्हणून पगार देण्यावर व्हावा, ही मागणीही लावून धरावी लागेल.

मुंबईच्या साथींसाठी एक गोष्ट वेगळी सांगावयाची आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनींचे सातबारे सामाईक असतात. एकेका उताऱ्यावर वीस-तीस वारसांची नावे, आणि त्यांतील निम्मी मुंबईत. दलाल गावात येण्याआधी परळ, भांडुप, डोंबिवली, विरारला जातो. ज्या वारसाने ती जमीन पाहिलेलीही नसते, त्याच्या हिश्श्याचा व्यवहार तेथे पुरा होतो. मग त्या एका हिश्श्याच्या जोरावर खरेदीदार गावात पाय ठेवतो आणि उरलेल्यांना वाटपाच्या दाव्यात गुंतवितो. हे थांबवावयाचे असेल तर वेळागरला किंवा तोंडवळीला सभा घेऊन भागणार नाही. चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळे मुंबईतच आहेत, त्यांच्या बैठका गणपतीच्या आधी भरतात, आणि सहीपूर्वी गावाला विचारण्याचा ठराव त्या बैठकांतच होऊ शकतो.